विश्रामबागेतला ब्रिजचा वर्ग : समोरचे बोलायला लागल्यावर आपली पानं कशी जोखायची

एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक असे पॉइंट मोजता येतात, स्टेमन आणि ब्लॅकवुड या भिडूला प्रश्न विचारायच्या ठरीव बोली पाठ आहेत, पण विरोधी जोडी मध्येच बोली लावायला लागली की सगळा हिशेब विस्कटतो, अशा माणसांनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या या शनिवारच्या वर्गाला जरूर जावं. ब्रिज हा जोडीजोडीनं खेळायचा पत्त्यांचा खेळ अजिबात येत नसेल तर मात्र जाऊ नये. सर चांगले आहेत, पण इथे पहिल्या दिवसापासून धरून चालतात की बोली कशी चालते, हुकूम म्हणजे काय, डमी कोण होतो हे तुम्हाला ठाऊक आहे.

आधी व्यवहाराचं सांगते. जागा सांगली-मिरज रस्त्यापासून थोडी आत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दुपारी चार ते सात. चार टेबलं, म्हणजे सोळा माणसं, आणि प्रवेश जोडीनंच. तीन महिन्यांचे जोडीमागे 3000 रुपये, चहा त्यातच. खायला टेबलापाशी काहीही आणायचं नाही. एकदा कुणीतरी भडंग आणलं होतं, तर सरांनी तेलाचे हात पानांना लागतात म्हणून पुडा बाहेर ठेवायला लावला. सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आपलं नाव कुठे छापलेलं त्यांना आवडत नाही, म्हणून मीही सरच म्हणते.

माझी भिडू म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती मुख्याध्यापिका होती, मी मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब बघते. ब्रिज घरात सासऱ्यांमुळे आला. आम्ही दोघी बरीच वर्षं खेळतोय, स्पर्धांनाही जातो, आणि नेमक्या एकाच जागी मार खात होतो. आम्ही दोघीच बोलत असलो की गाडी नीट चालायची. डावीकडून किंवा उजवीकडून कुणी टू हार्ट्स म्हटलं (म्हणजे बदाम हुकूम धरून सहा अधिक दोन असे आठ हात करायची बोली; स्पेड्स म्हणजे इस्पिक) की एक जण जास्त बोलायची, नाहीतर दुसरी गप्प बसायची.

सरांचं म्हणणं पहिल्याच शनिवारी स्पष्ट झालं. पानं वाटल्यावर मोजलेले पॉइंट हा फक्त पहिला अंदाज. त्यानंतर टेबलावर जे जे बोललं जाईल त्याने तुमच्या पानांची किंमत वर किंवा खाली जाते, आणि ती प्रत्येक बोलीनंतर पुन्हा काढायची असते. मला हे लगेच पटलं, कारण हळदीच्या सौद्यात मी रोज तेच बघते. पोत्याचं वजन तेच राहतं, पण हळकुंड मोडून आतला रंग दिसला की भाव बदलतो.

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन पानं, म्हणजे एकाच्या हाती आलेल्या तेरा पत्त्यांचे दोन संच, लिहिली, दोन्हींत तेरा पॉइंट. पहिल्यात इस्पिकचे एक्का, राणी, नव्वी, छक्की, चौकी. बदामचे राजा, गुलाम, तिर्री. चौकटचे राजा, अठ्ठी, दुर्री. किल्वरची सत्ती आणि पंजी. दुसऱ्यात इस्पिक तेच, बदामची एकटी पंजी, चौकटचे राजा, गुलाम, तिर्री, दुर्री, आणि किल्वरचे राजा, सत्ती, पंजी. दोन्ही वेळा तुम्ही वन स्पेड म्हणता, डावीकडचा टू हार्ट्स म्हणतो, भिडू टू स्पेड्स, उजवीकडचा थ्री हार्ट्स. आता तुम्ही काय बोलणार?

वर्गातल्या निम्म्या लोकांनी दोन्ही पानांवर एकच उत्तर लिहिलं होतं, कारण पॉइंट सारखे. सरांनी आधी बदामचा राजा आणि गुलाम घेतले. बदाम बोलणारा तुमच्या डावीकडे आहे, म्हणजे तो तुमच्यानंतर पान टाकतो. त्याच्याकडे एक्का-राणी असण्याची शक्यता दाट. तुमचा राजा त्याच्या एक्क्याच्या तोंडात आहे. हे चार पॉइंट तुम्ही खेळा नाहीतर ते खेळोत, फारसे कामाचे नाहीत. म्हणजे तेराचे तुम्ही नऊ-दहावर आलात. पास.

दुसऱ्या पानात बदामचं एकच पान, आणि तेराच्या तेरा पॉइंट बाकीच्या तीन रंगांत. त्यांचा रंग तुम्ही दुसऱ्या हातापासून हुकुमानं मारणार. इथे त्यांनी लूझर मोजायला शिकवलं. प्रत्येक रंगातली फक्त पहिली तीन पानं बघायची, आणि एक्का, राजा, राणी यांपैकी जे नसेल तो एक लूझर. रंगात एकच पान असेल तर जास्तीत जास्त एक, दोनच असतील तर दोन. पहिल्या पानात सात लूझर निघतात, दुसऱ्यात सहा. भिडूच्या साध्या टू स्पेड्सला साधारण आठ-नऊ लूझर धरायचे, दोघांची बेरीज चोवीसातून वजा करायची. नऊ धरले तर पहिल्या पानाला आठ हात मिळतात, दुसऱ्याला नऊ. म्हणून दुसऱ्या पानावर थ्री स्पेड्स.

आणि मग सरांनी बोली जराशी फिरवली, जी मला अजून आठवते. पहिलंच पान, पण आता डावीकडचा गप्प, भिडू टू स्पेड्स, आणि थ्री हार्ट्स उजवीकडचा म्हणतो. आता तुमचा राजा-गुलाम त्याच्या मागे आहे, तो तुमच्या आधी पान टाकतो. राजा जिवंत झाला. मग बोलायचं का? अक्कानं लगेच हात वर केला, "थ्री स्पेड्स, सर." सर म्हणाले, "अक्का, राजा जिवंत झाला खरा, पण तो त्यांच्या हुकुमाचा राजा आहे. त्यांना बदाम खेळू द्या, तो तिथेच हात काढेल. आपले इस्पिक आठच आहेत." म्हणजे दोन्ही वेळा पासच, पण एकदा पॉइंट मेले म्हणून, आणि एकदा ते बचावात चालणार म्हणून. हा फरक ज्याला कळला त्याला पुढच्या फेरीत डबल करायचं (त्यांची बोली पडणार म्हणून गुण दुप्पट करायचे) की नाही हेही कळतं.

याला जोडून एक बारीक गोष्ट शिकवली. आपण इस्पिक आणि ते बदाम बोलत असताना ते थ्री हार्ट्सवर गेले की थ्री स्पेड्सच्या खाली आपल्याला दुसरा रंगच उरत नाही. मग गेमसाठी, म्हणजे जादा गुण मिळवून देणाऱ्या फोर स्पेड्ससाठी, भिडूला विचारायचं कसं? अशा वेळी डबल म्हणजे "तुझ्याकडे वरचे पॉइंट असतील तर फोर स्पेड्स बोल" असा प्रश्न, आणि थ्री स्पेड्स म्हणजे नुसती झुंज, पुढे जाऊ नको. आम्ही दोघींनी हे घरी वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्याच स्पर्धेत वापरलं.

वर्गातली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक बोर्डला, म्हणजे वाटलेल्या प्रत्येक डावाला, एक छोटी चिठ्ठी मिळते. पानं उचलल्यावर आकडा लिहायचा, मग प्रत्येक फेरीनंतर नवा आकडा, आणि बाजूला एका शब्दात कारण. उदाहरणार्थ अकरा, मग आठ, "राणी वाया". मग तेरा, "फिट", म्हणजे भिडूशी रंग जुळला. बोर्ड संपला की चारही चिठ्ठ्या टेबलावर उघड्या ठेवायच्या. कोण कुठे फुगलं आणि कोण कुठे घाबरलं हे तिथे लगेच दिसतं, आणि सर ओरडत नाहीत, फक्त ज्या फेरीला आकडा बदलायला हवा होता आणि बदलला नाही तिथे बोट ठेवतात. अक्काच्या चिठ्ठीवर सुरुवातीला सगळ्या फेऱ्यांना एकच आकडा असायचा. आता ती तीन-तीन वेळा खोडते, आणि भिडू म्हणून मला तिचा भरवसा फार वाढलाय.

एकूण हातांचा नियम त्यांनी तिसऱ्या-चौथ्या शनिवारी घेतला. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी तो मांडला, 1969 मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रिज मासिकात तो आला, आणि 1990 च्या दशकात लॅरी कोहेन यांनी तो घराघरात पोचवला. आपल्या सगळ्यात लांब रंगातली आपली पानं अधिक त्यांच्या रंगातली त्यांची पानं जितकी, साधारण तितकेच दोन्ही बाजूंचे मिळून हात होतात. आपले नऊ इस्पिक, त्यांचे नऊ बदाम, एकूण अठरा. ते थ्री हार्ट्सवर आहेत. त्यांचे नऊ हात होत असतील तर आपलेही नऊ होतात, म्हणजे थ्री स्पेड्सला 140 गुण मिळतात. त्यांचे दहा होत असतील तर आपले आठ, मग एका हाताने पडून 50 गेले, डबल झालं तर 100, पण त्यांना बदाम खेळू दिले असते तर यापेक्षा जास्तच गेले असते. म्हणून नवव्या हुकुमाला एवढी किंमत. आपल्याकडे आठ असतील तर दुसऱ्या पातळीपर्यंत, नऊ असतील तर तिसऱ्या.

दुसरा एखादा शिकवणारा इथे थांबला असता. सर थांबले नाहीत. माइक लॉरेन्स आणि अँडर्स विरग्रेन या ब्रिजच्या लेखकांनी 2004 मध्ये या नियमावर घेतलेले आक्षेपही त्यांनी सांगितले. खरे हात हुकुमाच्या संख्येपेक्षा तुमच्याकडचे कमी पानांचे रंग आणि कामाला येणारे पॉइंट ठरवतात, असं त्यांचं म्हणणं. वर सांगितलेल्या दुसऱ्या पानात हुकूम आठच होते, तरी थ्री स्पेड्स बरोबर होतं, ते याचमुळे. उलट त्यांच्या रंगात आपल्याकडे राणी-गुलाम पडून असतील तर एकूण हात नियमापेक्षा कमी भरतात. माझं मत असं झालंय की नियम बोर्डावर घाईच्या वेळी वापरायला चांगला, आणि दोन-तीन सेकंद जास्त मिळत असतील तर लूझर आणि वाया पॉइंट बघावेत.

भिडूनं वन स्पेड म्हटलं आणि उजवीकडून टू हार्ट्स आलं तर पाठिंबा तीन तऱ्हेने द्यायचा, हे आमच्या बऱ्याच जोड्यांना माहीत असूनही नीट पाळलं जात नव्हतं. टू स्पेड्स म्हणजे सहा ते नऊ. थेट थ्री स्पेड्स म्हणजे पानं कमकुवत, पण हुकूम चार. दहा किंवा वर असतील तर त्यांचाच रंग, थ्री हार्ट्स. उजवीकडून टू हार्ट्सऐवजी डबल आलं तर ती भारी पानं टू नोट्रम्प या बिनहुकुमाच्या बोलीनं दाखवायची, थ्री स्पेड्स पुन्हा कमकुवतच. हे नुसतं पाठ करून भागत नाही. भिडूला दोन वेगळ्या गोष्टी कळल्या पाहिजेत, आपल्याकडे हुकूम किती आणि बचावाचे हात किती. नाहीतर ते फोर हार्ट्सवर गेल्यावर डबल करायचं की फोर स्पेड्स बोलायचं हे ठरवायला भिडूकडे काही उरतच नाही.

उसन्या राजाचा धडा मला सगळ्यात आवडला. उजवीकडचा वन हार्ट म्हणतो, आपण पास, डावीकडचा टू हार्ट्स, आणि मग दोन पास. आता शेवटी बोलणाऱ्याने विचार करायचा की ते दुसऱ्या पातळीवरच थांबलेत, म्हणजे त्यांच्याकडे चाळीसपैकी वीस-बावीसच्या वर काही नाही. मग बाकीचे अठरा-वीस आपल्याकडेच आहेत. माझ्याकडे नऊ असतील तर भिडूकडे नऊ ते अकरा असणारच. अशा वेळी भिडूकडून एक राजा उसना घेऊन बोलायचं. एका बोर्डला अक्का त्या जागी होती. इस्पिकचे राजा, दश्शी, अठ्ठी, पंजी, बदामची दोन बारीक, चौकटची राणी धरून तीन, किल्वरचा एक्का धरून चार. तिनं डबल केलं, म्हणजे इथे मला माझा रंग बोलायला सांगितलं. माझ्याकडे अकरा पॉइंट होते, इस्पिकची राणी-गुलाम धरून चार पानं. मी टू स्पेड्स म्हटलं. ते थ्री हार्ट्सवर गेले.

इथे धड्याचा दुसरा अर्धा भाग येतो, आणि तोच लोक विसरतात. माझे अकरा पॉइंट अक्का आधीच बोलून गेलेली असते. राजा तिनं माझ्याकडूनच उसना घेतलाय. मी तेच पॉइंट पुन्हा बोलले तर एकच पैसा दोनदा खर्च होतो. मी पास म्हटलं, ते एकाने पडले, आम्हाला 50. त्यांना टू हार्ट्स खेळू दिलं असतं तर त्यांचे आठ हात होऊन 110 गेले असते. टीमच्या खेळात तीच पानं दोन टेबलांवर खेळतात; दुसऱ्या टेबलावर आपल्या जोडीला टू हार्ट्सचे 110 मिळाले असतील तर आपले 50 धरून फरक 160, म्हणजे चार आयएमपी, टीमच्या खेळात फरकावरून मिळणारे गुण.

व्हल्नरेबल असण्याचा, म्हणजे त्या डावाला गेमचं बक्षीस आणि पडल्याचा दंड दोन्ही मोठे असण्याचा, हिशेब सरांनी एका शनिवारात संपवला, आणि तेवढा पुरतो. त्यांचा फोर हार्ट्स होतोय असं वाटत असेल आणि आपण फोर स्पेड्सवर जाऊन डबल होऊन पडणार असू, तर दोन्ही बाजू नॉन-व्हल्नरेबल असताना दोनाने पडणं परवडतं, 300 विरुद्ध 420. तीनाने 500, ते नाही. आपण नॉन आणि ते व्हल्नरेबल असतील तर तीनानेही चालतं, 500 विरुद्ध 620. उलट परिस्थितीत एकच, कारण दोनाने 500 जातात आणि त्यांचे 420च असतात. जोड्यांच्या स्पर्धेत व्हल्नरेबल असताना उणे 200 टाळायचे, हे त्यांनी फार ठासून सांगितलं. एक डाऊन डबल किंवा दोन डाऊन साधं. समोरच्यांच्या 110 किंवा 140 पेक्षा ते जास्त जातात, आणि त्या बोर्डला तळाचा गुण मिळतो.

वेळेबद्दल सर कडक आहेत, आणि मला ते फार योग्य वाटतं. झुंजीच्या बोलीत अर्धा मिनिट विचार करून पास म्हटलं की भिडूला कळतं आपल्याकडे काहीतरी होतं. त्या माहितीवर भिडूनं बोलणं नियमात बसत नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांना एकाच चालीने बोलायची सवय लावली, आणि उडीची, म्हणजे मधली पातळी गाळून केलेली, बोली आली की पुढच्यानं दहा सेकंद थांबायचंच, पानं कितीही साधी असोत. जिल्हा पातळीच्या स्पर्धांत याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होतं. इथे होत नाही.

घरच्या सरावासाठी ते ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर भिडूबरोबर फक्त बोलीचा सराव करायला सांगतात. तिथल्या रोबोंच्या ज्या स्पर्धांत माणसाला टेबलावरचं सगळ्यात भारी पान मिळतं त्या या कामाला वापरू नका, असं सांगतात. झुंजीची कसोटी लागते ती आपल्याकडे आठ-नऊ पॉइंट असताना, आणि तिथे ती वेळ क्वचितच येते.

आता ज्या गोष्टी मला कमी वाटल्या त्या. छापील कागद सगळे इंग्रजीत आहेत. सर मराठीत उत्तम समजावतात, पण घरी उजळणीला तो कागदच हातात असतो, आणि वर्गातल्या दोन-तीन मोठ्या वयाच्या मंडळींना तो जड जातो. फळ्यावरच्या उदाहरणांना मराठी कागद हवाच. दुसरं, डावाचा खेळ आणि उतारी फारच थोडी शिकवली जाते. थ्री स्पेड्सवर जायचं की नाही हे शिकवलं, पण गेल्यावर ते नऊ हात काढायचे कसे हे आपलं आपण. संगणकानं छापलेले "कोणत्या रंगात किती हात" हे आकडे बोर्डनंतर दाखवतात, पण संगणकाला चारही पानं दिसतात, आपल्याला नाही. सर हे सांगतात, तरी वर्गात त्या आकड्यांना जरा जास्तच मान मिळतो. तिसरं, प्रिसिजन ही वेगळी बोलीची पद्धत खेळणाऱ्या जोड्यांना थोडं बाजूला पडल्यासारखं होतं, सगळी उदाहरणं पाच पानांच्या मेजरवर (मेजर म्हणजे इस्पिक आणि बदाम) आणि साध्या वन क्लबवर बांधलेली आहेत. आणि जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी फोनवर विचारून बघावं.

वयाची अडचण मात्र कुणी मनात आणू नये. 2018 च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्ण भारताला मिळालं तेव्हा प्रणव बर्धन साठ वर्षांचे होते, आणि त्यांचे भिडू शिवनाथ सरकार छप्पन्नचे. वर्गात बुद्धिबळ खेळून आलेली दोन कॉलेजची मुलं आहेत. ती आकडेमोडीत आमच्या पुढे असतात, पण समोरच्याच्या पासचा अर्थ लावायला अक्काच त्यांना शिकवते.

नवी तुकडी दिवाळीनंतर बसते. जोडीनं नाव द्यावं लागतं, आणि मधल्या शनिवारी भिडू बदलून चालत नाही, कारण चिठ्ठ्या जोडीच्या नावानं साठवतात. भिडू नसेल तर आधी येऊन एक शनिवार मागे बसायला सर परवानगी देतात. त्या शनिवारी पैसे घेत नाहीत.